घोडदळाचा एकवीस वर्षांचा वारस

प्रश्न : खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भाच्याचे दीक्षान्त संचलन पाहण्यास गेलो होतो. ज्या मैदानावर ते झाले त्याला ‘खेत्रपाल’ हे नाव आहे. खेत्रपाल हे ‘पूना हॉर्स’चे अधिकारी होते, एवढेच तेथे कळले. ते पुण्याचे होते का? रणगाड्यांच्या रेजिमेंटला ‘हॉर्स’ का म्हणतात? त्यांच्या घराण्याविषयीही लिहावे. (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यातच झाला, मात्र घराणे पंजाबी, मूळचे सरगोध्याचे, आणि फाळणीत ते गाव सीमेपलीकडे गेलेले. रेजिमेंटचे नाव तर थेट पुण्याचेच आहे. दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या १८१७ च्या पुणे तहानुसार जे स्वारदल उभे राहिले, त्याचीच ही परंपरा. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, पण ‘हॉर्स’ हे नाव सैन्याने अभिमानाने जपले.

खेत्रपालांच्या घरी सैनिकी पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. पणजोबा शीख खालसा फौजेतून इंग्रजांविरुद्ध चिलियांवालाला लढले, आजोबा पहिल्या महायुद्धात होते आणि वडील मदनलाल खेत्रपाल हे इंजिनिअर्स कोअरमध्ये ब्रिगेडियर झाले. अरुण सनावरच्या शाळेतून खडकवासल्याला आले, तेथून डेहराडूनच्या लष्करी अकादमीत गेले आणि १३ जून १९७१ रोजी पूना हॉर्समध्ये रुजू झाले. त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्धाचे ढग जमले तेव्हा ते अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण घेत होते. तेथून आघाडीकडे जाताना दिल्लीला घरी थांबले आणि गोल्फच्या काठ्या व समारंभाचा निळा गणवेश सामानात भरू लागले. कशासाठी, असे विचारल्यावर, लाहोरला गोल्फ खेळायचे आहे आणि जिंकल्यावर मेजवानीला हा पोशाख लागेल, असे त्यांनी सांगितल्याची आठवण घरच्यांनी जपली आहे. ते वाचताना मला प्रथम त्यांचे वयच जाणवते.

पाकिस्तानातील शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे आपल्या पायदळाने ठाव धरला होता, पण सुरुंग पूर्ण निघण्याआधीच शत्रूचे रणगाडे चालून येऊ लागले, तेव्हा पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हणुत सिंग यांनी जोखीम पत्करून रेजिमेंट सुरुंगक्षेत्रातून पार नेली. दुसऱ्या दिवशी, १६ डिसेंबरला, जरपालजवळ रेजिमेंटच्याच एका स्क्वाड्रनने मदत मागितली आणि अरुण आपली तुकडी घेऊन धावले. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव होते ‘फामागुस्ता’. त्याने पेट घेतल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम आला. माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी वायरलेसवर कळवले. परमवीर चक्राच्या मानपत्रानुसार त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यांतील चार एकट्या अरुण यांनी टिपले आणि शेवटचा तर जेमतेम शंभर मीटरवर होता. त्यानंतरच्या गोळ्याने ते कोसळले. दुसऱ्याच दिवशी युद्ध थांबले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना मिळालेल्या परमवीर चक्रानंतर याच रेजिमेंटचे ते दुसरे.

वारशाविषयी विचारलेत, म्हणून पुढची हकीगत सविस्तर सांगतो. वारसा पणजोबांकडून पणतूकडे येतो असे आपण धरून चालतो. या घरात तो मुलाकडून बापाकडेही गेला, असे मला मनापासून वाटते. २००१ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ब्रिगेडियर खेत्रपाल सरगोधा पुन्हा एकदा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचे यजमान होते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. पाहुणचारात कोठेही उणे नव्हते, पण निरोपाच्या आदल्या रात्री नासेर यांनी मनावरचे ओझे उतरवले : बसंतरला समोरून लढणाऱ्या १३ लान्सर्स या पाकिस्तानी रणगाडा रेजिमेंटचे अधिकारी तेच होते आणि अरुण त्यांच्याच हातून पडले होते. ज्या घराचे अन्न आपण खाल्ले, त्याच घरात हे ऐकून त्या वृद्ध पित्याने काय सोसले असेल! तरीही त्यांनी पाहुण्याची मर्यादा सोडली नाही. सैनिकाने सैनिकाचे कर्तव्य केले, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. पुढे नासेर यांनी दोघांचे छायाचित्र पाठवले, तेव्हा त्यासोबत अरुण यांचा उल्लेख ओलांडता न येणाऱ्या खडकासारखा, असा केला होता.

बसंतरची लढाई तुमच्या भाच्याला प्रबोधिनीत शिकवलेली असेलच. लाहोरची ही रात्र मात्र तुम्ही त्याला सांगावी.