‘पंचरत्न’ मंदिरातील रत्ने कोणती?

प्रश्न असा आहे की, बंगालमधील विष्णुपूरच्या श्यामराय मंदिराला ‘पंचरत्न’ म्हणतात, तर त्यात कोणती रत्ने जडवलेली होती, आणि मराठीत हा शब्द तसाच ठेवावा की ‘पाच शिखरांचे मंदिर’ असे लिहावे.

पंचरत्ने म्हटली की आपल्याला सोने, हिरा, नीलमणी, माणिक आणि मोती ही यादी किंवा पंचरत्न गीतेची पोथी आठवते, त्यामुळे शंका रास्त आहे. हे मंदिर मात्र साध्या विटांचे आहे. मल्ल राजा रघुनाथ सिंह याने ते १६४३ मध्ये बांधले आणि त्याच्या भिंती, खांब व कमानी भाजक्या मातीच्या फलकांनी मढवल्या. त्यांतील रासमंडळ आवर्जून पाहण्याजोगे आहे: मध्यभागी राधाकृष्ण, आणि त्यांच्याभोवती एकात एक अशा वर्तुळांतून हात गुंफून नाचणाऱ्या गोपी.

बंगाली मंदिरवास्तूच्या परिभाषेत ‘रत्न’ म्हणजे छपरावर उभारलेला शिखरवजा मनोरा. तिथल्या शाकारलेल्या घरांसारखी वळचण बाकदार ठेवून त्यावर हे मनोरे चढवले जातात. श्यामराय मंदिरात चार कोपऱ्यांवर चार चौकोनी रत्ने असून मधले पाचवे अष्टकोनी आहे. मजला वाढला की रत्नेही वाढतात. खाली चार, वर चार आणि मधोमध एक मिळून ‘नवरत्न’ होते, ज्याचे आपल्याकडे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे १८५५ चे दक्षिणेश्वरचे कालीमंदिर. कालना येथील १७३९ च्या लालजी मंदिरावर तर पंचवीस रत्ने आहेत. उलट विष्णुपूरचेच मदनमोहन मंदिर (१६९४) एकरत्न आहे; याच मदनमोहनाने स्वतः तोफ डागून मराठ्यांना पिटाळले, अशी तिथली आख्यायिका आहे.

‘शिखर’ हा प्रतिशब्द मला पटत नाही, कारण मराठीत शिखर म्हणजे प्रामुख्याने गाभाऱ्यावरचा उंच भाग, आणि बंगालमध्येही शिखरयुक्त देऊळ हा रत्नमंदिराहून वेगळा प्रकार मानतात. तेव्हा ‘रत्न’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्याचा अर्थ द्यावा. समास बहुव्रीही आहे: पाच रत्ने आहेत ज्याला ते. म्हणून ‘पंचरत्न मंदिर’ शुद्धच आहे, आणि ‘चौसोपी वाडा’ या वळणावर कोणी ‘पंचरत्नी मंदिर’ लिहिले तरी माझी हरकत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. बांगलादेशातील दिनाजपूरजवळच्या, १७५२ मध्ये पूर्ण झालेल्या कांतजी मंदिराची नऊही रत्ने १८९७ च्या भूकंपात कोसळली, तरी त्याला अजून नवरत्नच म्हणतात. त्याच्या आजच्या छायाचित्राखाली ‘मूळचे नवरत्न मंदिर’ असे लिहावे, म्हणजे वाचक सपाट छपरावर मनोरे शोधत बसणार नाही.