रेखाचित्र, व्यक्तिचित्र की शबीह?

प्रश्न असा आहे की पेन्सिलीने काढलेल्या पोर्ट्रेटला मराठीत काय म्हणायचं, रेखाचित्र म्हणावं तर त्यात शेडिंगच जास्त असतं आणि व्यक्तिचित्र म्हटलं की लोकांना लेख आठवतो.

माझ्या मते गोंधळ होतो कारण हे शब्द एकाच गोष्टीची नावं नाहीत. रेखाचित्र म्हणजे कसं काढलंय, व्यक्तिचित्र म्हणजे कोणाचं काढलंय. आणि शबीह (अरबीतून आलेला, मूळ अर्थ सारखेपणा) म्हणजे हुबेहूब उतरलंय का. तसबीर सोडून द्या, ती आता भिंतीवर हार घालूनच बसलीय.

उदाहरण म्हणून अँग्र या फ्रेंच चित्रकाराने काढलेलं पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाचं चित्र बघा (अँग्र हं, आपले कान्होजी आंग्रे नव्हेत!). रोममधे 1819 साली काढलेलं, आता लूव्र म्युझियममधे आहे. चेहऱ्यावर इतकं बारीक शेडिंग की एकेक रेघ वेगळी दिसत नाही, आणि खाली कोटावर आलात की सरळ भराभर मारलेल्या रेघा, वळण दिसलं की पेन्सिल जरा दाबलीय, बाकी कोरा कागद. म्हणजे गळ्याच्या खाली रेखाचित्र आणि वर शबीह असंच म्हणावं लागेल.

आता हे असं का, तर त्यात पोटापाण्याचा भाग आहे. नेपोलियन 1815 साली पडला, रोममधले फ्रेंच अधिकारी गेले आणि अँग्रची गिऱ्हाइकंही गेली, मग रोम बघायला येणाऱ्या इंग्रज टूरिस्टांची अशी चित्रं काढून त्याने दिवस काढले. गिऱ्हाइकाला चेहरा ओळखू यायला हवा असतो, कोटाच्या घड्या कोण मोजतंय! अर्थात घाईलाही त्याने स्टाइल करून टाकलं हे त्याचं कौतुक. त्याला मात्र हे काम कमीपणाचं वाटायचं, "छोटी पोर्ट्रेट काढणारे इथेच राहतात का" असं कोणी दारात विचारलं तर "नाही, इथे चित्रकार राहतो" असं उत्तर दिल्याचा किस्सा सांगतात.

जाता जाता, शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. इंग्लंडमधे सापडलेल्या ग्राफाइटला लोक शिशाचाच प्रकार समजले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. युद्धामुळे फ्रान्समधे ते मिळेना तेव्हा कोंते नावाच्या माणसाने 1795 मधे ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजायची युक्ती काढली, माती जास्त तर पेन्सिल कडक. आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटला एचबी, टूबी करत बसायचो ना, ते यातूनच आलेलं. कडक पेन्सिलीचं टोक टिकतं आणि रेघ फिकट उमटते, म्हणून चेहऱ्यावरचं असलं काम जमतं.

तर सरळ सांगायचं झालं तर चित्राखाली 'व्यक्तिचित्र, पेन्सिल' असं लिहा. नुसत्या रेघांचं असेल तेव्हाच रेखाचित्र म्हणा. शबीह मला स्वतःला फार आवडतो पण पाटीवर लिहिलात तर चारजण अर्थ विचारायला येतील, सांगायची तयारी ठेवा.

अजून एक राहिलं, अँग्र स्वतः व्हायोलिन वाजवायचा, त्यामुळे फ्रेंचमधे छंदाला 'अँग्रचं व्हायोलिन' म्हणतात.