जॅझच्या रेकॉर्ड्स जमवताना 'ओरिजिनल प्रेसिंग'च घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की महिन्याला तीन-चार हजार बाजूला काढून जॅझच्या एलपी जमवायच्या आहेत, पण जुने जमवणारे 'ओरिजिनल प्रेसिंग (म्हणजे रेकॉर्ड पहिल्यांदा निघाली तेव्हाच छापलेली प्रत) नसेल तर घेऊच नका' असं बजावतात. आणि त्यांच्यात बसलं की काय बोलावं ते सुचत नाही. या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच रविवारी मिळालं, म्हणून आधी तो रविवारच सांगतो.

दादरला एका मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा रेकॉर्ड्स घेऊन जमतो. त्या दिवशी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' लावली होती. आमच्यातल्या एकाने फार खटपट करून मिळवलेली, साठच्या दशकातली अमेरिकन प्रत. मित्राची आई आतल्या खोलीत पेटी घेऊन बसली होती, संध्याकाळी भजनी मंडळ होतं. 'सो व्हॉट' सुरू झालं. त्यात डबल बास हे जाड आवाजाचं तंतुवाद्य मुखडा म्हणतं आणि बाकीचे दोनच सुरांत त्याला हुंकार देतात. काकूंनी आत बसल्या बसल्या सूर शोधायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाल्या, "काफीचेच सूर आहेत रे. पण पेटी जुळत नाही. तुमचं यंत्र चढं लागतंय."

काफी अगदी बरोबर. 'सो व्हॉट'मध्ये चार मात्रांची बत्तीस आवर्तनं असतात. पहिली सोळा पेटीतल्या पांढरी दोनला सा धरून, पुढची आठ काळी दोनवर, शेवटची आठ परत पांढरी दोनवर. सूर तेच, फक्त सगळा संसार अर्ध्या सुराने वर उचलायचा आणि परत खाली ठेवायचा. चढं लागण्याचा दोष मात्र आम्ही टर्नटेबलला दिला.

काकू तिथेच उभ्या राहिल्या. दुसरं गाणं, 'फ्रेडी फ्रीलोडर', लागलं तसं त्यांनी विचारलं, "इथे पियानोवर दुसरं कोणी बसलंय का?" बसलं होतंच. सगळ्या रेकॉर्डवर बिल इव्हान्स आहे, या एका गाण्यात तेवढा विंटन केली नावाचा दुसरा पियानोवादक. आमच्यातल्या दोघांना हे कव्हर वाचून माहीत होतं, कानाने कोणीच ओळखलं नव्हतं. मग बाजू उलटली. 'ऑल ब्लूज'ला काकूंनी पांढरी पाच धरली आणि पेटी तंतोतंत जुळली. तेच यंत्र, तीच तबकडी, तीच पेटी.

झालं होतं असं. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत मुद्रित झाली, दुसरी बाजू २२ एप्रिलला. मार्चच्या दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं संगीत पुढे योग्य वेगाने वाजवलं की ते जरा जलद आणि जरा चढं ऐकू येणार. शेजारी राखीव म्हणून दुसरं यंत्र चालू होतं, त्याचा वेग बरोबर होता. त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघाली ती थेट १९९२ साली. म्हणजे तेहतीस वर्षं जगभरचे विद्यार्थी या रेकॉर्डबरोबर वाजवायला बसले आणि आपलंच वाद्य उतरलंय असं समजून पिळत राहिले. सुरुवातीच्या काही प्रतींवर तर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावंही उलटसुलट छापलेली आहेत, आणि त्याच प्रतींना आज सगळ्यात जास्त भाव आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: सेशन (म्हणजे मुद्रणाची बैठक) जमवा, प्रेसिंग नव्हे. कोणत्या तारखेला, कुठल्या स्टुडिओत, कोण कोण बसले होते आणि हा कितवा टेक (त्याच गाण्याचं कितव्यांदा केलेलं मुद्रण), ही जॅझची खरी कुंडली. कागदावरची चाल दोन ओळींची असते, बाकी सगळं त्या दिवशी त्या माणसांनी तिथल्या तिथे केलेलं असतं. मैफल ऐकणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे ती मैफल बहुतेक वेळा तबकडीपुरतीच झालेली असते.

ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्ड्सबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय, तर माझा अनुभव सांगतो. ट्रम्पेटवादक ली मॉर्गनची 'द साइडवाइंडर' मी एका विक्रेत्याकडून पहिली आवृत्ती म्हणून चौदा हजारांना घेतली. कव्हर जुनं, लेबलवर कंपनीचा त्या काळचा पत्ता, 'न्यूयॉर्क यूएसए'. घरी आणून दिव्याखाली तिरपी धरली. गाणी संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, ज्याला सगळे डेड वॅक्स म्हणतात, तिथे 'कान' नव्हता. हा कान म्हणजे प्लास्टिलाइट या कारखान्याचं इंग्रजी 'पी' अक्षर, पण कोरलेलं असं की कानासारखं दिसतं. १९६६ पर्यंतच्या ब्लू नोट तिथे छापल्या जात. मग कंपनी लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या ताब्यात गेली, कारखाना बदलला, पण शिल्लक राहिलेली जुनी लेबलं आणि कव्हरं वापरून झाली. माझी प्रत त्यातली. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं, पैसे गेले ते गेले.

पण त्याच पट्ट्यात 'व्हॅन गेल्डर' असा शिक्का होता. रूडी व्हॅन गेल्डर म्हणजे ज्याने आधी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात आणि १९५९ पासून एंगलवुड क्लिफ्सच्या स्टुडिओत हे संगीत मुद्रित केलं तो माणूस. शिक्का असला की जिच्यावरून प्रती छापतात ती मूळ तबकडी त्याने स्वतः कापलेली. म्हणजे मी फसलो तो भावात, आवाजात नाही. एका मित्राकडे कान असलेली प्रत आहे. आम्ही दोन्ही पाठोपाठ लावल्या, डोळे मिटून ऐकल्या, आणि कोणती कोणाची ते आमच्यातल्या कोणालाही सांगता आलं नाही. तुमच्या तीन-चार हजारांत मूळ टेपवरून काढलेली नवी चांगली आवृत्ती येते. ती बिनदिक्कत घ्या.

एका ठिकाणी मात्र मी ओरिजिनलसाठीच हट्ट धरीन, आणि ते आपल्या घरचं आहे. १९३६ साली मुंबईत क्रिकेट स्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकन कॉर्नेटवादकाच्या सिम्फोनियन्स या बँडने रेक्स या छापाच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या केल्या. हा माणूस १९१३-१४ साली न्यूयॉर्कला जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदात मुद्रणाला बसलेला. जॅझ हा शब्दही नीट रुळायच्या आधीचा काळ तो! तो 'ताज'मध्ये वाजवायला आला आणि इथे रेकॉर्ड करून गेला. पुढे आपल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, याच्याही ७८ निघाल्या. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तला ट्रम्पेट ज्यांच्या कानात आहे त्यांना तो ठाऊकच आहे. त्या १९३६ च्या मुद्रणांमागे टेप नव्हतीच, तेव्हा तबकड्यांच्या मुद्रणात ती वापरातच आलेली नव्हती. जी तबकडी शिल्लक राहिली तीच मूळ. अशी एखादी माळ्यावर किंवा जुन्या बाजारात हाती लागली तर ओरखडे पाहून परत ठेवू नका. फक्त दोन गोष्टी सांभाळा: एलपीच्या सुईने ती वाजवू नका, ७८ ची खोबण रुंद असते, तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते. आणि पुसायला स्पिरिट तर मुळीच नको, लाखेची तबकडी त्यात विरघळते. मऊ फडकं आणि डिस्टिल्ड वॉटर पुरे.

आता बोलण्याचं. आमच्याकडे कव्हर दाखवायच्या आधी ऐकवायची पद्धत आहे. जुनीच युक्ती आहे ही, लेनर्ड फेदर या जॅझ समीक्षकाने १९४६ साली 'मेट्रोनोम' मासिकात वादकांवरच हा प्रयोग सुरू केला. नाव समोर नसलं की माणूस ऐकलेलं बोलतो. तुम्हाला काही सुचलं नाही तर काकूंसारखा प्रश्न विचारा. माणूस बदलला का? हा आत्ताचा तुकडा आधी आला होता का? इथे ड्रमवाला गप्प का झाला? अशा प्रश्नावर आमचे दोन-दोन तास गेले आहेत. एक टेक तीनदा लावायला सांगायला अजिबात संकोच करू नका. आणि एक साधी वही ठेवा: तारीख, माणसं, टेक आणि आपल्याला ऐकू आलेली एक गोष्ट.

पहिली खरेदी कोणती, असंही विचारलंय. पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलची मैफल घ्या. २९ नोव्हेंबर १९५७ ला व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओने ती टेप केली, आणि मग ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिली. २००५ साली तिथल्या लॅरी ॲपलबॉमच्या हाती लागली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तिची पहिली आवृत्तीच २००५ ची, तेव्हा कान आहे का, पत्ता कुठला, हा प्रश्नच उरत नाही. 'मंक्स मूड'ने सुरुवात होते. पहिल्यांदा एकट्याने ऐका, दिवा मालवून, आणि कोल्ट्रेन नेमका कुठे आत येतो ते वहीत लिहून ठेवा.