वाचकांचे प्रश्न : घरातल्या टेंटसाठी स्वस्तातला ग्रो लाइट कसा निवडायचा

प्रश्न : आम्ही भुसावळला तिसऱ्या मजल्यावर राहतो, गच्ची वापरायला मिळत नाही आणि गॅलरीत दुपारचं ऊन असं येतं की मे महिन्यात कुंडीतलं सगळं करपून जातं. म्हणून आतल्या खोलीत २ बाय २ फुटांचा ग्रो टेंट (लाइटखाली झाडं वाढवायचा कापडी बंद तंबू) लावायचं ठरवलंय. कोथिंबीर, मेथी आणि भरतापुरती हिरवी मिरची निघाली तरी खूप झालं. पण ऑनलाइन लाइट बघायला गेलं की डोकं फिरतं, एकावर १००० वॅट लिहिलंय, दुसऱ्यावर १०० वॅट आणि किंमत जवळपास सारखीच. बजेट कमी आहे, काय घेऊ? (एक वाचक ताई, भुसावळ)

उत्तर : ताई, आधी तो १००० वॅटचा आकडा विसरा. तो लाइट एवढी वीज खात नाही, खाल्ली असती तर तुमचा टेंट भट्टीच झाला असता. जुन्या काळच्या दिव्यांशी बरोबरी दाखवायला असले आकडे बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापतात, खरा आकडा खाली बारीक अक्षरात असतो, प्लगमधून प्रत्यक्ष किती वॅट ओढतो तो. बऱ्याचदा १००० वाल्याचा खरा आकडा १०० च्या आसपासच निघतो, कधी त्याहून कमी. विक्रेत्याला सरळ विचारा, सॉकेटवर मीटर लावला तर किती वॅट दाखवेल? उत्तर देत नसेल तर पुढचा बघा.

दुसरा आकडा बघायचा तो मायक्रोमोल प्रति ज्यूलचा, म्हणजे खाल्लेल्या विजेतून झाडाच्या कामाचा उजेड किती निघतो. २.५ च्या वर असेल तर चांगलाच, २ च्या आसपास असला तरी घरच्या कामाला चालतो, आणि जिथे हा आकडा कुठेच लिहिलेला नाही तिथे पैसे घालताना दहादा विचार करा.

आता तुमचा हिशोब. २ बाय २ फूट म्हणजे साधारण ०.३७ चौरस मीटर जागा. मेथी-कोथिंबिरीला पानांच्या उंचीवर साधारण २०० मायक्रोमोल (दर सेकंदाला चौरस मीटरवर पडणारा झाडाच्या कामाचा उजेड) मिळाले आणि १२ ते १४ तास लाइट चालला तर भागतं, त्याला बऱ्यापैकी लाइट असेल तर खरे ४० ते ५० वॅट पुरतात. मिरचीचं तसं नाही, तिला फुलं धरून फळं लागायची तर दुप्पट-अडीचपट उजेड लागतो, म्हणजे खरे ८० ते १०० वॅट. तुम्हाला दोन्ही हवंय म्हणून माझं मत विचाराल तर १०० वॅटचा, कमी-जास्त करायची डिमर चकती असलेला पांढऱ्या उजेडाचा एलईडी बोर्ड (सपाट पट्टीवर दिवे बसवलेला लाइट) घ्या आणि पालेभाजी असेल तेव्हा निम्म्यावर चालवा. मिरची नंतर बघू म्हणत असाल तर ५० वॅटवर थांबा, पैसे वाचतील. मिरचीला आत वारा नसतो, मधमाशी नसते, म्हणून फुलं आली की रोज फांदी हलकेच हलवायची, हे लक्षात ठेवा.

पांढराच का, तर लाल-निळ्या दिव्यांच्या जांभळ्या लाइटमध्येही झाड वाढतं, नाही असं नाही, पण त्या उजेडात पान पिवळं पडतंय का, मिरचीवर चुरडा-मुरडा (पानं आक्रसण्याचा रोग) आलाय का, पानामागे फुलकिडे आहेत का, काही म्हणजे काही दिसत नाही, आणि दिसेपर्यंत रोग टेंटभर झालेला असतो. शिवाय घरात तो रंग डोळ्यांना फार त्रास देतो. पांढऱ्या एलईडीत निळा, हिरवा, लाल सगळंच असतं, त्यात ६६० नॅनोमीटरचे थोडे लाल दिवे जोडलेले असले तर मिरचीला अजून बरं.

आणि आता आपल्याकडची खरी अडचण, ती म्हणजे गरमी. लाइटवर कितीही खर्च करा, त्याने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊनच टेंटमध्ये राहते, आणि तुमच्या भुसावळला मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो. म्हणून लाइट रात्री चालवा. संध्याकाळी ७ ला चालू, सकाळी ९ ला बंद, झाले १४ तास, झाडाला काही फरक पडत नाही, त्याला फक्त रोज सलग उजेड आणि सलग अंधार पाहिजे. वरच्या बाजूला गरम हवा बाहेर काढणारा छोटा पंखा हवाच, त्यात काटकसर करू नका. तरी एक स्पष्ट सांगतो, एसी नसेल तर मे मध्ये कोथिंबिरीचा हट्ट धरू नका, उकाड्यात धने नीट उगवत नाहीत आणि उगवलेली लगेच फुलावर जाते. त्या महिन्यात तांदुळजा, मेथी करा. कोथिंबीर जुलै-ऑगस्टमध्ये लावा, बाहेर पावसाने ती सडते, भाव चढतात, आणि तुमच्या टेंटचा खरा उपयोग तेव्हाच आहे. तिला १२ तास उजेड पुरे, जास्त लांबवला तर लवकर फुलते.

विजेचं म्हणाल तर ५० वॅट रोज १४ तास म्हणजे महिन्याला २१ युनिट, १०० वॅट म्हणजे ४२. घरगुती बिलात १०० युनिटच्या वर दर वाढतो, तेव्हा तुमचं बिल आत्ता कुठल्या टप्प्यात आहे ते आधी बघून घ्या.

प्रश्न : मी अमळनेरचा, भरताच्या वांग्याची आणि मिरचीची रोपं पावसाळ्याआधी घरातच ट्रेमध्ये तयार करायची आहेत. त्यासाठी ग्रो लाइटच पाहिजे का, साधी ट्यूब चालणार नाही का? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : चालते भाऊ, रोपांपुरती मस्त चालते. दोन फुटी १० वॅटच्या एलईडी बॅटन चार घ्या, ६५०० केल्विनच्या म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या, एका पट्टीवर शेजारी शेजारी बसवा आणि रोपांच्या शेंड्यापासून अर्ध्या फुटावर टांगा. रोप वाढेल तशी पट्टी वर घ्यायची. बरेच जण ट्यूब छताला लावून मोकळे होतात आणि मग रोपं उंच, बारीक होऊन लोळतात, तो दोष ट्यूबचा नसतो, अंतराचा असतो. बी रुजेपर्यंत उजेड नसला तरी चालतं, पण कोंब वर आला की त्याच दिवशी लाइट चालू झाला पाहिजे.

मोबाइलमध्ये लक्स (उजेडाचं माप) मोजायचं फुकट अॅप मिळतं, फोन रोपाच्या उंचीवर ठेवून बघा. पांढऱ्या एलईडीखाली १०,००० लक्स म्हणजे ढोबळ १४० ते १५० मायक्रोमोल, रोपांना तेवढं भरपूर. जांभळ्या लाइटला मात्र हे माप लागू नाही, लक्स माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. आणि घरातली रोपं सरळ शेतात लावू नका, मोकळ्या आभाळाखालचं दुपारचं ऊन लाखभर लक्सचं असतं, तुमची रोपं त्याच्या दहाव्या हिश्श्यात वाढलेली. आठवडाभर हिरव्या शेडनेटखाली ठेवा, पाणी थोडं कमी करा, मगच लागवड.

प्रश्न : आमच्या गावात व्होल्टेज फार वर-खाली होतं, लाइटही जाते. महागाचा ग्रो लाइट जळेल का? (एक वाचक, शहादा तालुका)

उत्तर : जळतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज दिव्यांना साजेशी करून देणारी डबी, दिवे नाहीत. म्हणून ड्रायव्हरवर १०० ते २७७ व्होल्ट अशी रुंद मर्यादा लिहिलेली बघून घ्या आणि तो वेगळा काढता येणारा असावा, म्हणजे टेंटच्या बाहेर गार जागी टांगता येतो, टिकतोही जास्त. आपल्याकडे एलईडी ड्रायव्हरला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे, त्यावरचा आर ने सुरू होणारा नंबर 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. दोन-तीन तास लाइट गेली म्हणून रोपं मरत नाहीत, घाबरू नका. टायमर घेताना मात्र बॅटरी बॅकअपचा डिजिटल घ्या, साधा फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की तिथेच थांबतो आणि रोज तुमची वेळ पुढे पुढे सरकत जाते.