टूर द फ्रान्ससारख्या तीन आठवड्यांच्या सायकल रेसमध्ये बघण्यासारखं नक्की काय असतं?

तुम्ही लिहिलंय की एकदा टूर द फ्रान्स लावून अर्धा तास बघितली, शे-दीडशे माणसं घोळक्याने सायकल चालवताहेत एवढंच दिसलं, आणि शेवटी जिंकणार एकच माणूस असेल तर टीम कशाला हेही कळलं नाही. मी गेली काही वर्षं टूर, इटलीतली जिरो आणि स्पेनमधली वुएल्टा अशा तीन आठवड्यांच्या तिन्ही रेस बघतो, त्यामुळे मनापासून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी टीमचं सांगतो कारण बाकी सगळं त्यातूनच येतं. समोरून वारा असताना तुम्ही कधी दुसऱ्या सायकलच्या मागच्या चाकाला चिकटून चालवलंय का? एकदम पाय हलके होतात. रेसच्या स्पीडला पुढच्याच्या आडोशाने चालवणाऱ्याची साधारण 30 ते 40 टक्के ताकद वाचते, आणि इथे रोज चार-पाच तास, 21 स्टेज (एका दिवसाची रेस म्हणजे एक स्टेज), जवळपास साडेतीन हजार किलोमीटर आणि मध्ये फक्त दोन दिवस विश्रांती. म्हणजे तीन आठवडे जो स्वतः वारा खात बसेल तो आल्प्सपर्यंत पोचायच्या आधीच संपणार. म्हणून 8 जणांच्या टीममधले सात जण एकाला वाऱ्यापासून लपवत नेतात, मागे गाडीपाशी जाऊन जर्सीत बाटल्या कोंबून पुन्हा पुढे येतात, लीडरचं चाक पंक्चर झालं आणि गाडी लांब असली तर स्वतःचं चाक काढून देतात. फ्रेंचमध्ये यांना डोमेस्टिक म्हणतात, घरगडी अशा अर्थाने. मला मात्र आपल्याकडचा लग्नकार्यातला पाणक्या आठवतो, जो दिवसभर राबतो आणि फोटोत कुठेच नसतो.

2024 च्या टूरचं बघा. मार्क कॅव्हेंडिश, ब्रिटिश स्प्रिंटर, वय 39, आधीच्या वर्षी पडून कॉलरबोन मोडून घरी गेलेला, फक्त एक स्टेज जिंकायला परत आला कारण बेल्जियमच्या जुन्या दिग्गज एडी मर्क्सचा 34 स्टेज जिंकण्याचा रेकॉर्ड त्याने गाठलेला होता आणि अजून एक हवी होती. पहिल्याच दिवशी इटलीतल्या उन्हात आणि चढांवर त्याला उलट्या व्हायला लागल्या, तो सगळ्यांच्या मागे पडला. आता नियम असा आहे की त्या दिवशीच्या विजेत्यानंतर ठराविक वेळेत पोचला नाहीत तर रेसमधून बाहेर. त्याच्या टीममधले भिडू थांबले, त्याच्या पुढे राहून वारा अडवत त्याला शेवटपर्यंत घेऊन आले, वेळेच्या आत. चार दिवसांनी साँ-व्हुल्बासला तो स्प्रिंट, म्हणजे फिनिशजवळची घोळक्याची जोरदार धाव, जिंकला, पस्तिसावी स्टेज. हेडलाइन त्या स्प्रिंटची झाली, पण ज्याने पहिला दिवस बघितला होता त्याला ती जिंकलेली बघताना वेगळंच वाटलं असणार, मला तरी वाटलं.

आता दुसरी गोष्ट, हिशोब. रोजची स्टेज कोण जिंकलं हे वेगळं आणि पूर्ण टूर कोण जिंकलं हे वेगळं. सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज करतात आणि ज्याची सगळ्यात कमी तो पहिला, त्याला टूरमध्ये पिवळी जर्सी आणि जिरोमध्ये गुलाबी (दोन्ही रेस वर्तमानपत्रांनी सुरू केल्या, एक पेपर पिवळ्या कागदावर छापायचा आणि दुसरा गुलाबी, म्हणून हे रंग). म्हणूनच ब्रिटिश रायडर क्रिस फ्रूमने 2017 ची टूर एकही स्टेज न जिंकता जिंकली. चढांवर सगळ्यात जास्त पॉइंट मिळवणाऱ्याला टूरमध्ये लाल ठिपक्यांची जर्सी असते. आपल्या मुंबई-पुणे सायकल रेसमध्ये बोरघाट पहिला चढणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात, तसंच, पण इथे घाट तीन आठवडे संपतच नाहीत.

मी स्वतः 2020 ला बघायला लागलो. करोनामुळे पुढे ढकललेली टूर त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत चालली, घरातच होतो, सहज लावली. स्लोव्हेनियाचा रोगलिच दोन आठवडे पिवळ्या जर्सीत, त्याची टीम रोज भिंतीसारखी पुढे, आणि शेवटून दुसऱ्या दिवशी फक्त 36 किलोमीटरची टाइम ट्रायल उरलेली, ज्यात प्रत्येकजण एकटा चालवतो, ना टीम ना आडोसा. रोगलिच 57 सेकंदांनी पुढे होता. तेव्हा सगळे धरून चाललेले की झालं, संपलं. आणि पोगाचार नावाचा 21 वर्षांचा मुलगा, रोगलिचच्याच देशाचा, त्या एका तासात सगळं फिरवून शेवटी 59 सेकंदांनी टूर जिंकला. रोगलिचचं हेल्मेट डोक्यावर तिरकं झालेलं, चेहरा पांढरा पडलेला, शेवटच्या चढावर पायच फिरेनात. साडेतीन हजार किलोमीटरमधून एक मिनिटाचा फरक! त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पण तुम्हाला एकच गोष्ट सांगायची असेल तर मी फिनेस्त्रेची सांगेन. इटलीत कोले देल्ले फिनेस्त्रे म्हणून घाट आहे, साडेअठरा किलोमीटर, सरासरी चढ नऊ टक्क्यांच्या वर, आणि वरचे आठेक किलोमीटर डांबरच नाही, माती आणि खडी. 2018 च्या जिरोमध्ये सायमन येट्स नावाचा इंग्लिश रायडर 13 दिवस गुलाबी जर्सीत होता, तीन स्टेज जिंकलेल्या, कोणाला हातच लावू देत नव्हता. एकोणिसाव्या स्टेजला याच घाटावर त्याचे पाय गेले. म्हणजे अक्षरशः गेले, सगळे पुढे निघून गेले आणि तो रस्त्याच्या कडेने एकटा वर सरकतोय असं दिसत होतं. त्याच घाटावर फ्रूमने 80 किलोमीटर बाकी असताना अटॅक केला आणि एकट्याने जाऊन ती जिरो जिंकली. येट्सने त्या एका दिवसात 38 मिनिटांहून जास्त वेळ घालवला. मी हे सगळं नंतर जुन्या व्हिडिओत बघितलं, पण ते बघणंसुद्धा सोपं नाही.

सात वर्षांनी, 2025 च्या जिरोमध्ये, शेवटून दुसऱ्या दिवशी पुन्हा फिनेस्त्रे. गुलाबी जर्सी इसाक देल तोरोकडे, मेक्सिकोचा 21 वर्षांचा पोरगा, दुसरा इक्वाडोरचा कारापाझ, आणि तिसरा येट्स, 1 मिनिट 21 सेकंद मागे. कारापाझने घाटाच्या सुरुवातीलाच जोर लावला, देल तोरो त्याच्या चाकाला चिकटून, येट्स जरा मागे पडला, मग स्वतःच्या लयीत परत आला, आणि मग एकदा, दोनदा, परत परत पुढे पळायला लागला. शेवटी सुटला. मागचे दोघं एकमेकांकडे बघत राहिले. देल तोरोचं म्हणणं कारापाझने ओढावं, कारापाझचं म्हणणं जर्सी तुझ्याकडे आहे तर तू ओढ. वारा कोण खाणार हाच तो सुरुवातीचा प्रश्न, आणि त्या वादात येट्स पुढे पुढे जात राहिला.

आणि खरी गोष्ट घाटाच्या पलीकडे होती. येट्सच्या टीमचा वाउट व्हान आर्ट सकाळीच ब्रेकमध्ये, म्हणजे पुढे पळालेल्या घोळक्यात गेला होता. हा साधा माणूस नाही, याने 2021 च्या एकाच टूरमध्ये मॉन्ट व्हेन्टूचा डोंगर, टाइम ट्रायल आणि पॅरिसची स्प्रिंट अशा तीन वेगवेगळ्या प्रकारच्या स्टेज जिंकल्यात. त्याने त्या दिवशी स्वतःच्या स्टेजचा विचार सोडला, फिनेस्त्रे ओलांडून पलीकडे येट्ससाठी थांबला, आणि येट्स आल्यावर फिनिश होता त्या सेस्ट्रिएरेकडे जाणाऱ्या खोऱ्यात त्याच्या पुढे लागून जीव तोडून ओढलं. फरक मिनिटांनी वाढत गेला. येट्स स्टेजमध्ये तिसरा आला पण देल तोरोवर पाच मिनिटांहून जास्त मिळवली आणि जिरो जिंकला. फिनिशला रडत होता. मीही रडलो, आई विचारत होती काय झालं, आणि मला 2018 पासून सगळं सांगायला लागलं.

देल तोरोबद्दल मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. 21 व्या वर्षी त्याने जे केलं ते कमी नाही, पण ती जर्सी अशी हातातून गेलेली तो विसरणार नाही.

डोपिंगचं कोणीतरी खाली विचारेलच म्हणून आत्ताच लिहितो. अमेरिकन रायडर लान्स आर्मस्ट्राँगची 1999 ते 2005 ची टूरची सातही टायटल 2012 मध्ये काढून घेतली आणि त्या जागा रिकाम्याच ठेवल्या. त्या काळात किती जण काय घेत होते हे वाचलं की पोटात कालवतं. तेव्हापासून टेस्टिंग खूप कडक झालंय, तरी कोणी फारच जोरात चढला की मनात शंका येते हे मी नाकारणार नाही. प्रामाणिकपणे चालवणाऱ्यांवर हा सगळ्यात मोठा अन्याय आहे असं मला वाटतं, त्यांच्या चांगल्या दिवसालाही लोक तसंच बघतात.

बघायची सुरुवात कशी करायची, तर पूर्ण पाच तास बघू नका, सपाट स्टेजला तर शेवटचे दहा किलोमीटर पुरतात. डोंगराची स्टेज असेल तेव्हा शेवटचा दीड तास बघा, टूर जुलैमध्ये असते आणि फिनिश आपल्याकडे रात्री नऊच्या आसपास होतो, जेवता जेवता होतं. एक रायडर निवडा, पहिल्या पाचातला नको, कोणाचा तरी पाणक्या निवडा, आणि तो कधी पुढे येतो, किती वेळ ओढतो, कुठे थकून बाजूला होतो एवढंच बघत राहा. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बाकीचं आपोआप कळायला लागतं. नाही कळलं तर इथेच कमेंटमध्ये विचारा, जुलैमध्ये मी रोज रात्री जागाच असतो.