समुपदेशन व मानसोपचाराचे सिद्धान्त शिकण्यासाठी पहिले पाठ्यपुस्तक कोणते घ्यावे?

मानसशास्त्राच्या एम.ए.ला नुकताच प्रवेश घेतलेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्याने जेराल्ड कोरी यांच्या ‘थिअरी अँड प्रॅक्टिस ऑफ काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ या 1977 साली प्रथम प्रकाशित झालेल्या पुस्तकापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्यातील खरी सोय म्हणजे स्टॅन नावाचा अशील, म्हणजे समुपदेशनासाठी आलेली व्यक्ती: मद्यपान, न्यूनगंड आणि स्त्रियांविषयीची भीती घेऊन आलेला हा एकच माणूस प्रत्येक सिद्धान्ताच्या प्रकरणात पुन्हा भेटतो आणि मनोविश्लेषक त्याच्या बालपणाकडे वळेल तिथे वर्तनवादी उपचारक मोजता येतील अशी उद्दिष्टे कशी ठरवील, हा फरक व्याख्या पाठ न करताही लक्षात येतो. आवृत्ती जुनी मिळाली तरी मूळ संकल्पनांसाठी चालते. खिशाचाही विचार करायला हवाच.

मात्र विचारांत बदल घडवून त्रास कमी करू पाहणाऱ्या उपचारांचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांना एकाच प्रकरणात बसवल्यामुळे तो भाग दाटीवाटीचा झाला आहे. एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर कि. मो. फडके यांनी मराठीत विपुल लेखन केले आहे. ते सोबत वाचल्यास अविवेकी समजुती म्हणजे नेमके काय, हे आपल्याच भाषेत उमगते.

व्यक्तिकेंद्री उपचारपद्धतीचे जनक कार्ल रॉजर्स यांच्याबाबतीत पाठ्यपुस्तकातील सारांशावर थांबू नये. ‘ऑन बिकमिंग अ पर्सन’ (1961) मूळातून वाचावे, कारण बिनशर्त स्वीकार (समोरच्याला कोणतीही अट न घालता, आहे तसे स्वीकारणे) हा शब्द परीक्षेत लिहिणे सोपे असले तरी समोरच्या माणसाचे ऐकताना तो कसा पाळायचा, हे त्यांच्या लेखनातूनच कळते.