चर्चचा निकाल हातात आहे, तरी कायद्याने तुम्ही अजून विवाहितच आहात

प्रश्न : मी सोलापूरची, कॅथलिक. २०१७मध्ये इथल्याच चर्चमध्ये माझं लग्न झालं. नवऱ्याने त्याआधी व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले होते, ते आमच्यापासून लपवलं. २०१९पासून मी माहेरी आहे, मूलबाळ नाही. गेल्या वर्षी चर्चच्या न्यायाधिकरणाने हे लग्न मुळातच वैध नव्हतं असा निकाल दिला. नवऱ्यालाही मोकळं व्हायचं आहे. आता चांगलं स्थळ आलंय, नाताळानंतर लग्नाचं घाटतंय. पाहुणे म्हणतात, चर्चचा कागद असताना कोर्टाची पायरी कशाला चढायची? शिवाय ‘घटस्फोटिता’ हा शिक्का मला नको आहे.

उत्तर : ताई, पत्रिका छापायला दिल्या असतील तर आजच फोन करून थांबवा. उरलेलं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्याकडचा निकाल खोटा नाही की कमअस्सलही नाही. चर्चचं न्यायाधिकरण साक्षी घेतं, कागद तपासतं, आणि लग्न टिकावं या बाजूने बोलायला तिथे ‘विवाहबंधनाचा रक्षक’ नावाचा खास अधिकारी असतो. ही व्यवस्था १७४१मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी आणली. २०१५पर्यंत तर लग्न रद्द ठरवणारे एकसारखे दोन निकाल लागत. पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढली. एवढ्या चाळणीतून तुमचा निकाल आला आहे. वेदीसमोर पुन्हा उभं राहायचं तर तो लागणारच, तो जपून ठेवा.

पण त्याची हद्द चर्चच्या दारापर्यंतच. इंग्लंडात एके काळी लग्नाचे खटले चर्चच्या कोर्टातच चालत. १८५७च्या कायद्याने ते काम सरकारी कोर्टाकडे गेलं, आणि त्याच धर्तीवर आपल्याकडे १८६९चा घटस्फोट कायदा आला. तेव्हापासून ख्रिस्ती लग्न मोडण्याचा किंवा रद्द ठरवण्याचा अधिकार कोर्टाचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं : चर्चच्या निकालाला धार्मिक अर्थ असेल, कायदेशीर परिणाम नाही. कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, निकालांना मान्यता द्या अशी मागणी करणारी याचिकाही त्याच न्यायालयाने जानेवारी २०१७मध्ये फेटाळली.

पाहुण्यांचं म्हणणं कुठून येतं तेही मला कळतं. २००१पर्यंत ख्रिस्ती बाईला घटस्फोट मिळणं फार कठीण होतं. नवऱ्याने नुसता व्यभिचार केला हे पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणंही सिद्ध करावं लागे. नवऱ्याला मात्र व्यभिचार एवढाच पुरे. वर जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामा उच्च न्यायालयाकडून कायम करून घ्यायचा. बायकांनी कोर्टाचं नाव टाकलं त्यात नवल नाही. २००१च्या दुरुस्तीने हे सगळं गेलं आणि कलम १०-अ आलं : परस्पर संमतीने घटस्फोट.

हुकूमनाम्याशिवाय लग्न केलंत तर ते कायद्याने रद्दबातल, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२खाली गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद. नवरा आज तक्रार करणार नाही म्हणता, उद्याचं कुणी सांगावं? माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. दुसऱ्या नवऱ्याच्या निधनानंतर फॅमिली पेन्शनचा अर्ज केला, तेव्हा पहिल्या लग्नाचा कोर्टाचा हुकूमनामा मागितला. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चर्चचा शिक्का असलेला, घडीवर फाटलेला कागद काढून टेबलावर ठेवला. बावीस वर्षांचा संसार, आणि कायद्याने त्या त्यांच्या पत्नीच नव्हत्या. मला काहीही करता आलं नाही, ते अजून सलतं.

आता ‘घटस्फोटिता’ या शिक्क्याचं. १८६९च्याच कायद्याच्या कलम १९खाली ‘फसवणुकीने संमती घेतली’ म्हणून कोर्टातही लग्न रद्द करून मागता येतं. पण चर्च ज्याला फसवणूक मानतं ते सगळं कोर्ट मानत नाही; तिथे या शब्दाचा अर्थ फार आखडून घेतात. लपवलेल्या व्यसनावर तो दावा टिकवणं अवघड. आरोप केलात की आज राजी असलेला नवराही लढायला उभा राहील, आणि मग अपिलासाठी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपर्यंत फेऱ्या. त्यात तुमची उमेदीची वर्षं जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. कलम १०-अमध्ये कुणावर आरोप नाही. दोन वर्षं वेगळं राहणं लागतं, ते तुमचं केव्हाच झालं. कोर्टाच्या कागदावर ‘घटस्फोट’ असेल, पण चर्चच्या दृष्टीने तुम्ही कधी त्या बंधनात नव्हताच, आणि तो निकाल त्याने पुसला जात नाही.

लग्न सोलापुरात झालं, म्हणून अर्ज इथल्याच फॅमिली कोर्टात. दोघांच्या सह्या हव्यात. अर्जानंतर किमान सहा महिने थांबून पुन्हा दोघांनी मिळून ‘आमचा विचार कायम आहे’ असं कोर्टाला सांगायचं. अठरा महिन्यांच्या आत. म्हणजे नाताळाचा मुहूर्त विसरा. येणाऱ्या स्थळाला हे आत्ताच सांगा. माणूस चांगला असेल तर थांबेल.

पॅरिशच्या, म्हणजे लग्न झालं त्या चर्चच्या, नोंदवहीतला लग्नाचा उतारा, दोघांची आधार कार्डं, लग्नाचा फोटो आणि २०१९पासून वेगळे राहता याचा एखादा पुरावा काढून ठेवा. दागिने, पैसे, पोटगी यांचं जे ठरेल ते अर्जातच लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. हुकूमनामा झाला की सही-शिक्क्याच्या दोन नकला घ्या : एक तुमच्याजवळ, एक फादरकडे. ती त्यांच्या हातात पडल्यावरच चर्चमध्ये लग्नाची घोषणा करायला सांगा.